बाहेरची केस

धुराची गाडी बोलवायची, एवढंच मला करायचं होतं. एकदाच. संध्याकाळच्या वेळी आमच्या बिल्डिंगमागच्या खड्ड्याभोवती तिने एक चक्कर मारावी, फुसफुस करावं आणि निघून जावं. यापेक्षा जास्त अपेक्षा मी लग्नात सासरच्यांकडूनही ठेवली नव्हती.

झालं असं की गणपती झाले आणि ईश्वरीला ताप आला. ईश्वरी माझी मुलगी, तीन वर्षांची. ताप साधा नाही, दात वाजवणारा. भर दुपारी पंखा बंद करून तिच्या अंगावर घरातल्या सगळ्या चादरी टाकल्या तरी पोर थरथरतेच आहे. डॉक्टर विपुल यांनी रक्त तपासायला लावलं आणि मलेरिया निघाला. जुईनगरच्या आमच्या सेक्टरमधल्या सगळ्या बऱ्या घरांचे हे डॉक्टर. त्यांच्याकडे त्या दिवशी बसायला बाक पुरत नव्हता. माणसं जिन्यावर बसली होती, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक गुंडाळलेलं मूल.

"डॉक्टर, एवढी सगळी गर्दी मलेरियाची?" मी विचारलं.

"सीझन आहे ना भाभी," ते म्हणाले. आंब्यांचा असतो तसा.

मलेरियाची गोळी किती कडू असते हे ज्याने ती कुटून, मधात कालवून, मुलाचं नाक दाबून भरवली आहे त्यालाच माहीत. ईश्वरी ती गालात धरून ठेवायची, मी "शहाणी गं माझी बाय" म्हणून पाठ वळवली की माझ्या साडीवर सोडून द्यायची. शेवटी गोळी खरंच इतकी कडू आहे का म्हणून मी चमचा चाटून पाहिला. त्या दिवसापासून माझं बोलणंही तसंच झालंय असं जयप्रकाशचं म्हणणं. जयप्रकाश माझा नवरा. स्वभावाने अतिशय शांत. शांत माणसाशी संसार करताना बाईला दोघांच्या वाटचं ओरडावं लागतं, हे लग्न जमवताना कुणी सांगत नाही.

तर तो खड्डा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहिलं की दिसतो. एका इमारतीचा पाया खणला, सळया उभ्या केल्या आणि काम थांबलं. पावसाने तो काठोकाठ भरला. त्यात शेवाळ, त्यात बेडूक, आणि दिवेलागणीला त्यातून डासांचा जो ढग उठतो तो बघून एखाद्याला हात जोडावेसे वाटतील. जागा शेजारच्या शिरवणे गावातल्या देवजीशेठची. सरकारने त्यांची शेती घेतली आणि तिच्या बदल्यात जो प्लॉट दिला तो हा. मी ईश्वरीला कडेवर घेऊन त्यांच्या घरी गेले. खाली तीन दुकानं आणि वर बंगला. देवजीशेठ झोपाळ्यावर बसले होते.

"बाय, तो खड्डा माझा नाय," ते म्हणाले. "कोर्टाचा हाय. बिल्डरचा नि माझा झगरा चाललाय. स्टे हाय त्याच्यावर. मी हात लावला त मीच आत."

"अहो पण पाणी तरी उपसा!"

"पानी पावसाचा हाय."

"आणि डास?"

"मच्छर त आमच्या आज्याच्या टायमाला पन व्हता. खारी व्हती, मिठागरा व्हती, भाताची शेती व्हती. थंडी वाजून ताप यायचा, उतरायचा. कुनी नाव ठेवला नाय त्याला. तुमी फ्लॅटवाली आलाव तवा त्याला नाव परला." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा नरमले. "अर्ज टाका ना. धुराची गारी येते. शिकलेली मानसं हाव तुमी."

शिकलेली माणसं आहोत हे खरंच. तिथेच घोळ झाला.

अर्ज एकटीने करून चालत नाही, सोसायटीच्या लेटरहेडवर हवा. लेटरहेड निकमकाकांच्या कपाटात. हौसेराव निकम, आमचे सेक्रेटरी, एका सरकारी खात्यातून नुकतेच रिटायर झालेले. ड्राफ्टिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नाही असं ते स्वतःच सांगतात. मी अर्जाचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मलेरिया झाला ते बरंच झालं असं क्षणभर मला वाटलं. मसुदा इंग्रजीत. "मराठी अर्जाला आवक नंबर मिळतो सुमेधाबाई, इंग्रजी अर्जाला उत्तर मिळतं." आणि सोसायटीचा अर्ज म्हणजे मीटिंगची मंजुरी आली.

रविवारी पार्किंगमध्ये फोल्डिंगच्या खुर्च्या मांडून मीटिंग भरली. निकमकाकांनी घसा साफ करून मसुदा वाचला. त्यातल्या दुसऱ्याच ओळीत "मलेरिया एपिडेमिक इन अवर सोसायटी" असे शब्द आले आणि खुर्च्या करकरल्या.

"एपिडेमिक म्हणजे हो काय?" सुमित्राबाईंनी, म्हणजे निकमकाकूंनी, नवऱ्याला भर सभेत विचारलं.

"साथ."

"अगंबाई! साथ नका लिहू. साथ पटकीची असते, देवीची असते. आपल्याकडे जरा ताप आहे."

माझ्या समोरच्या फ्लॅटमधली श्रुती म्हणाली, "साथ लिहिलं तर बालवाडी बंद करतील. आमच्या आशूने आत्ता कुठे रडायचं थांबवलंय." आशू म्हणजे आशुतोष, तिचा मुलगा, ईश्वरीच्याच वयाचा. दिवसातून चार वेळा आमचं दार वाजवायचा.

मग एकेक जण बोलू लागला. साथ म्हटलं की पेपरात येणार. पेपरात आलं की भाव पडणार. आत्ता कुठे स्टेशन झालंय, आत्ता कुठे लोक जुईनगरचं नाव घ्यायला लागलेत. आणि इथे निकमकाकांना एकाएकी आठवलं की त्यांचा स्वतःचा फ्लॅट विकायला काढलेला आहे आणि दादरचे एक गृहस्थ तो पुढच्या रविवारी बघायला येणार आहेत. आठवल्याचं मला दिसलं. चष्मा काढून ते मसुद्याकडे असे बघायला लागले की जणू तो दुसऱ्याच कुणीतरी लिहिला होता.

वर जाऊन त्यांनी डिक्शनरी आणली. बराच वेळ पानं उलटली. "सापडला," म्हणाले. "एन्डेमिक. म्हणजे एखाद्या भागात नेहमीच आढळणारा. साथ नाही, काही नाही. नेहमीचाच."

सभेने सुटकेचा श्वास सोडला. नेहमीचाच! म्हणजे पाण्याच्या टाकीसारखा, लिफ्टसारखा. नेहमीच्या गोष्टीची भीती बाळगायची नसते.

मला गप्प बसवेना. बी.ए.ला माझं इंग्रजी होतं, आणि ते ज्ञान वापरायची अशी संधी लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती. "काका, पण हे उलट वाईट आहे. साथ निदान येते आणि जाते. नेहमीचाच म्हणजे कधीच जाणार नाही. फ्लॅट घेणाऱ्याने या दोन्हींतल्या कशाला जास्त घाबरायला हवं?"

 मग निकमकाका समजावणीच्या सुरात म्हणाले, "अर्थ बरोबर आहे तुमचा. पण शब्द कसा सौम्य आहे बघा. एन्डेमिक. ॲकॅडेमिकच्या जवळचा वाटतो."

हात वर झाले. जयप्रकाशचाही झाला. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांचे वर होते, माझा एकट्याचा खाली बरा दिसला असता का?"

तर सौम्य शब्दाचा तो अर्ज घेऊन मीच आरोग्य केंद्रात गेले, कारण दुपारच्या वेळी बिल्डिंगमध्ये मोकळी असलेली एकमेव सुशिक्षित व्यक्ती म्हणजे मी. मूल सांभाळणारी बाई मोकळी असते ही समजूत आमच्याकडे मात्र खरोखर नेहमीची आहे. खिडकीवरच्या कारकुनाने आत पाठवलं. आत साहेब होते. वयाने तरुण, केस मात्र आधीच कंटाळून गेलेले. त्यांनी अर्ज वाचला.

"एन्डेमिक आहे ना तुमच्याकडे? मग धूर कशाला?"

"डास मारायला."

"मॅडम, धूर एपिडेमिकला. एन्डेमिक म्हणजे जे चालू असतं ते. जे चालू असतं त्याला आम्ही काही करत नाही. म्हणजे करतो, पण ते चालूच असतं."

"मग मी एपिडेमिक लिहून आणते."

ते हसले. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात तसे. "ते तुम्ही लिहून होत नाही. आकड्यांनी होतं. नेहमी जितक्या केसेस असतात त्यापेक्षा जास्त झाल्या, तर एपिडेमिक."

"नेहमी किती असतात आमच्याकडे?"

त्यांनी कारकुनाला हाक मारली. कारकून आत येऊन काहीतरी बघून म्हणाला, "जुईनगर, यांचा सेक्टर? शून्य, सर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. शून्य? डॉक्टर विपुलांच्या जिन्यावर तीन मजले माणसं बसली आहेत, त्यांचं काय?

"ते प्रायव्हेट," साहेब म्हणाले. "प्रायव्हेटमधला ताप आमच्यापर्यंत येत नाही. आमच्याकडे बोटातून रक्त दिलं, काचपट्टी झाली, तपासली, तर ती केस. तुमच्या भागातून कुणी आमच्याकडे येतच नाही. सगळी चांगली माणसं राहतात ना तिथे."

"म्हणजे आमच्याकडे साथ नाही."

"नाही."

"आणि नेहमीचाही नाही."

"शून्याला नेहमीचा कसा म्हणणार?" साहेबांना माझी दया आली असावी. "आधी निदान थोड्या केसेस दाखवा. एन्डेमिक तरी व्हा. मग पुढचं बघू."

मी बाहेर आले. आयुष्यात मला मुलाखतींमधून नाकारलं आहे, दाखवण्याच्या कार्यक्रमातून नाकारलं आहे, एकदा एका आत्येसासूने पुरणपोळीवरूनही नाकारलं आहे. पण मलेरियाला अपात्र ठरण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

हरकत नाही, म्हटलं. आकडे हवेत ना? बिल्डिंगमध्ये काय कमी आहेत? मी दारोदार फिरले. काही मागत नव्हते, बोटातला एक थेंब फक्त, आणि तोही सरकारला.

"तिथे सुई एकच असते म्हणे सगळ्यांना," श्रुती म्हणाली.

"अगं सुमेधा," निकमकाकू म्हणाल्या, "आमच्या घरात कुणी आजवर सरकारी दवाखान्याची पायरी चढलेलं नाही. यांची नोकरी सरकारी होती तरीसुद्धा."

त्या हे बोलत होत्या तेव्हा आतल्या खोलीत निकमकाका स्वतः कण्हत होते. दार अर्धवट उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. हिवाळ्यातही पंख्याखाली उघडे बसणारे काका दोन रग पांघरून बसले होते. "कोण आहे?" त्यांनी आतून विचारलं आणि मी कशासाठी आले ते कळल्यावर दात वाजवत म्हणाले, "सुमेधाबाई, प्रायव्हेटचा रिपोर्ट फाडता येतो. गव्हर्नमेंट रेकॉर्ड कायमचं राहतं. आणि मला मलेरिया नाही. मला जरा कसर आहे."

डॉक्टर विपुलांना सांगितलं, तुम्हीच तुमच्या पेशंटांचा आकडा कळवा. ते म्हणाले, "भाभी, मी कळवला तर ते येऊन माझं लायसन बघतील, लॅब बघतील, कचऱ्याचा डबा बघतील. मी औषध देऊ की डबा दाखवू?"

असे आम्ही सगळे चांगले लोक. तापलेले आणि शून्य.

नवरात्रात ईश्वरीला पुन्हा ताप आला. या वेळी मी डॉक्टर विपुलांकडे गेले नाही. सरळ आरोग्य केंद्राच्या रांगेत उभी राहिले. रांगेत नाक्यावरचे मजूर होते, भांडी घासणाऱ्या बायका होत्या. सुई नवी होती, माझ्यासमोर कागद फाडून काढली. ईश्वरी किंचाळली, थेंब काचेवर पडला. दोन-तीन दिवसांनी निकाल विचारायला गेले तेव्हा कारकून म्हणाला, "पॉझिटिव्ह."

"झाली ना एक?" मी म्हणाले.

माझ्या आवाजात जो आनंद होता तो मला नंतर जिना उतरताना ऐकू आला. आपल्या पोरीच्या रक्तात रोग सापडला म्हणून हसणारी आई. जिन्याच्या कठड्याला धरून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

पण केस झाली म्हटल्यावर चक्रं फिरली, हे मान्य केलं पाहिजे. लगेच मलेरियाचा माणूस घरी आला. दत्तू त्याचं नाव. खांद्याला पिशवी, हातात गेरूचा डबा. त्याने कुंड्या बघितल्या, बाथरूममधली बादली बघितली, फ्रिजच्या मागे वाकून बघितलं.

"दादा, तो खड्डा बघा ना खिडकीतून," मी म्हणाले.

"खड्डा घरात मोडत नाही ताई. मला घर दिलंय." मग त्याने विचारलं, "मधे कुठे बाहेरगावी गेला होता?"

"गणपतीला गेलो होतो. सासरी. देवरुखच्या पुढे."

दत्तूचा चेहरा खुलला. माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच त्याला काहीतरी सापडलं होतं. "मग बाहेरची केस."

"म्हणजे?"

"म्हणजे ताप तिकडून आणलात. इथला नाही."

"अहो, तिथे एकाला तरी ताप आहे का? इथे अख्ख्या बिल्डिंगला आहे!"

"इथे कुणाला आहे? नाव सांगा ना."

नाव काय सांगणार? मी म्हणाले, "दादा, गणपतीला कोण गावी जात नाही? निम्मी नवी मुंबई कोकणात असते. या हिशेबाने गणपतीनंतर इथला मलेरिया इथे कुणालाच होणार नाही."

"होतच नाही," दत्तू समाधानाने म्हणाला. "दरवर्षी बाहेरूनच येतो." आणि जाताना त्याने आमच्या दाराच्या चौकटीशेजारी गेरूने मलेरियाचं 'म' हे भलंमोठं अक्षर काढलं, खाली तारीख टाकली, आणि तारखेखाली एक रेघ ओढली. हस्ताक्षर चांगलं होतं त्याचं.

ते अक्षर बिल्डिंगने यथासांग वाचलं. येणारा-जाणारा आमच्या मजल्यावर क्षणभर थांबायचा आणि मग दोन-दोन पायऱ्या करत वर जायचा. निकमकाका बरे होऊन आले आणि म्हणाले, "दादरच्या गृहस्थांचं तेव्हा राहून गेलं, ते या रविवारी येणार आहेत. तेवढा चुना लावून घेतलात तर." जयप्रकाशने लगेच ब्रश आणला. गेरूवर चुना चढत नाही हे आम्हाला तेव्हा कळलं. दोन हात झाल्यावर अक्षर गुलाबी झालं आणि लांबूनही दिसायला लागलं.

आशूचं आमचं दार वाजवणं थांबलं. ईश्वरी दाराशी उभी राहून समोरच्या दाराकडे बघत राहायची. एकदा तीच गेली आणि कडी वाजवली. आतून श्रुतीचा आवाज आला, "आशू झोपलाय हं राजा." आशू तेव्हा मोठमोठ्याने गाणं म्हणत होता.

हे सगळं मी गिळलं. पण यानंतर जे झालं ते गिळण्यापेक्षा क्लोरोक्विनची ती कडू गोळी बरी.

आमच्याकडे फोन नव्हता. नंबर लावून ठेवला होता, पण येता येत नव्हता. त्यामुळे नातेवाइकांना निकमकाकांचा नंबर दिलेला. एके दिवशी काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "सुमेधाऽ, देवरुखहून सासऱ्यांचा फोन! पुन्हा करतायत, ये लवकर!" मी धावत गेले. माझे सासरे फोनवर बोलतात तेव्हा मधल्या तारांवर त्यांचा विश्वास नसतो. आवाजानेच इथवर पोचायचा त्यांचा प्रयत्न असतो. त्यामुळे पुढचं संभाषण मी, काका, काकू आणि बहुतेक वरचा मजला, सगळ्यांनी मिळून ऐकलं.

"सूनबाई! आज आपल्याकडे धूरवाले आले होते!"

"कोण?"

"फवारणीवाले! सरकारी! पंप घेऊन! म्हणाले तुमच्या घरातून नव्या मुंबईला मलेरिया गेलाय, वरून कागद आलाय! माजघर मारलं, देवघर मारलं, गोठा मारला! संध्याकाळी धुराचं यंत्र घेऊन वाडीभर फिरले! अख्खी वाडी खोकतेय!"

 धूर सुटला होता. माझ्याच अर्जावर, माझ्याच मुलीच्या रक्तावर सुटला होता, आणि माझ्याच सासरी पोचला होता.

मग फोन सासूबाईंनी घेतला. त्यांचा आवाज हळू असतो, त्यामुळे तो फक्त मलाच लागतो. "पडवीत आमसुलं वाळत घातली होती तुझ्याचसाठी. सगळी टाकली. गाय वैरणीला तोंड लावत नाही. आणि सुमेधा, लोक विचारतायत, तुमच्या घरात कसला आजार आहे म्हणून. धाकट्याचं लग्न बघतोय आम्ही. तुला कुठलं दुसरं गाव सांगता आलं नाही का?"

फोन ठेवला तेव्हा निकमकाका समाधानाने मान हलवत होते. "म्हणजे प्रशासनाने दखल घेतली तर! मी म्हटलं नव्हतं, इंग्रजी अर्जाला उत्तर मिळतं म्हणून?"

जयप्रकाशला सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "आईला काय वाटलं असेल!" तो तसा शांतच आहे, हे सांगितलंच.

दिवाळीला गावी जायचं होतं ते अर्थातच राहिलं. मुलगी पूर्ण बरी होईपर्यंत आणू नका, आता फवारणी झाली आहे, असा निरोप आला होता. आणि लक्ष्मीपूजन झालं आणि ईश्वरी तिसऱ्यांदा तापली.

या वेळी ती रडलीसुद्धा नाही. थंडी भरल्यावर स्वतःच चादर ओढून घेतली आणि गोळी समोर धरली तर मुकाट्याने तोंड उघडलं. तीन वर्षांच्या मुलाने कडू गोळीला मुकाट्याने तोंड उघडावं, यासारखं वाईट काही मी पाहिलेलं नाही. डॉक्टर विपुल दिवाळीसाठी गावाला गेलेले, दवाखान्याला कुलूप. मी तिला उचललं, रिक्षा केली आणि आरोग्य केंद्रात गेले. खरं सांगते, जाताना मनात एक हट्टी हिशेब चालला होता. या वेळी कुठेही गेलेलो नाही. या वेळी केस इथली होणार. होणारच.

साहेब होते. त्यांनी ओळखलं. "बाहेरगावी?"

"कुठेच नाही. जुईनगर सोडून कुठेही नाही. लिहा."

त्यांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने मान हलवली. साहेब म्हणाले, "मॅडम, ही तीच केस आहे. हा मलेरिया अंगात दडून बसतो आणि उलटतो. पहिला ताप देवरुखचा, त्यामुळे हाही देवरुखचाच. नवी केस नाही धरता येत. या वेळी पूर्ण कोर्स देतो, ताप उलटायचा थांबेल. पण चावला नवा डास, तर पुन्हा येणारच."

"मग ती मरेपर्यंत एकच केस का?" असं मी म्हणाले. म्हणायला नको होतं. ईश्वरी खांद्यावर होती.

आणि तेवढ्यात मागून रडणं ऐकू आलं, ते मला ओळखीचं वाटलं. वळून पाहिलं तर डोक्यावरून ओढणी घेतलेली श्रुती, आणि तिच्या कुशीत लालभडक तोंडाचा आशू. तिने मला पाहिलं आणि ओढणी आणखी पुढे ओढली. जणू ओढणीच्या आत गेल्यावर मी तिला ओळखणार नव्हते.

"नाव?" कारकुनाने विचारलं. तिने सांगितलं. "बाहेरगावी गेला होता?"

"हो," श्रुती पटकन म्हणाली. "चिपळूणला."

श्रुतीचं माहेर नाशिकचं आणि सासर संगमनेरचं. चिपळूणला तिचं कुणी नाही. गणपतीपासून ती बिल्डिंगच्या बाहेर पडली असेल तर भाजीला. माझ्या डोळ्यांसमोर चिपळूणचं कुठलं तरी परकं घर आलं, पडवीत काहीतरी वाळत घातलेलं, आणि दारात पंपवाले.

"साहेब, ही कुठेही गेलेली नाही," मी म्हणाले. "मी समोर राहते. जुईनगर लिहा."

"तुम्हाला काय करायचंय सुमेधाताई?" श्रुती एकदम भडकली. "तुमच्या मुलीबरोबरच खेळायचा तो! तुमच्याचकडून आलंय हे! भिंतीवर लिहिलंय तुमच्या!"

साहेबांनी पेन उचललं. "यांच्या मुलीकडून? मग चिपळूण कशाला? सोपं आहे. पॉझिटिव्ह निघाला की बाहेरून आलेल्या केसपासून इथे लागण. मूळ केस देवरुख."

मला कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे आता आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी कुणाला झाला तर?"

"तीच साखळी. देवरुख."

"आणि अख्ख्या सेक्टरला झाला तर?"

"मॅडम, आमचं मूळ सापडलंय ना. मूळ सापडल्यावर साथ म्हणत नाहीत."

"आणि तो खड्डा?"

"खड्ड्याला ताप येत नाही," साहेब म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी आशूचं बोट धरलं, पुसलं, आणि आशू किंचाळला.

बाहेर एकच रिक्षा उभी होती. दोघी आत बसलो. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मुलं मधे होती. आधी ईश्वरीने डोळे उघडून "आशू" म्हटलं, मग आशूने तिच्या फ्रॉकची लेस धरली, आणि दोघं एकमेकांवर रेलून गुंगीत गेली. मी हात ठेवून पाहिलं. कुणाचं अंग जास्त तापलं आहे ते हाताला कळेना.

सेक्टरच्या वळणावर श्रुती हळूच म्हणाली, "सुमेधाताई, इथेच उतरूया का? मी आधी जाते, तुम्ही मागून या. काका गॅलरीत असतात या वेळी. आणि घर बघायला लोक येतायत सध्या."

मी तिच्याकडे पाहिलं. ओढणीतून तिचा एवढासा चेहरा दिसत होता. तिलाही कणकण असावी, डोळे तसेच होते.

"आत घ्या," मी रिक्षावाल्याला सांगितलं. "अगदी दारापर्यंत."

निकमकाका गॅलरीत होतेच. शेजारी सफारी घातलेले एक पाहुणे, हातात चहाचा कप. रिक्षा थांबली. आधी मी उतरले, ईश्वरीला घेऊन. मग श्रुती उतरली, आशूला घेऊन. तिची ओढणी मागे सरकली होती आणि सावरायला हात मोकळा नव्हता. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, एकदा दोन लोंबकळणाऱ्या मानांकडे. मग पाहुण्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना आत नेलं आणि जाळीचं दार लावून घेतलं.

डास येत असतील.